सकाळची तुकडी, दुपारची तुकडी

हल्ली माझ्याकडे येणाऱ्या तरुण शिक्षिका 'फोनिक्स' हा शब्द असा उच्चारतात, की वाटावं औषधच निघालंय. आधी अक्षराचा आवाज, मग आवाजाला आवाज जोडून शब्द. याचे म्हणे जगभर पुरावे आहेत, जाडजूड अहवाल आहेत. मी मान डोलावते, चहा देते. त्यांना एवढंच सांगत नाही, की या सगळ्या पुराव्यांच्या विरुद्ध बाजूला सत्तरच्या दशकातला एक फुलस्केप कागदही कुठल्यातरी कचेरीत पडलेला असेल आणि त्यावरचं अक्षर माझं आहे.

मी बेळगावात कॅम्पाजवळच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकले. तिथे शब्दपद्धतीचं राज्य होतं. चित्र दाखवायचं, खाली अख्खा शब्द दाखवायचा, अक्षरं फोडायची नाहीत. आमचे सर सांगायचे, मूल आधी झाड बघतं, मग पान. मी एकदा उभी राहून विचारलं, "सर, ते झाड ओळखलं, पण उद्या दुसरंच झाड समोर आलं तर?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. वर्षाच्या शेवटी माझ्या शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'वाद घालण्याची आवड.' शेरा खरा होता, म्हणून जास्त झोंबला.

नोकरी लागली ती निपाणीच्या पलीकडे, कोगनोळीच्या अलीकडे एका गावात. मराठी शाळा, कर्नाटक सरकारची. पुस्तकं मराठी, आदेश कानडीत, पगार उशिरा. पहिलीला पोरं इतकी, की खोलीत एकाच वेळी बसत नसत. म्हणून अर्धी सकाळी, अर्धी दुपारी. बहुतेकांच्या आया विड्या वळत. आमचे हेडमास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणत, जुन्या वळणाचे. त्यांच्या मते वाचन म्हणजे बाराखडी. पोरं ती इतक्या जोरात म्हणत, की पारावरच्या म्हाताऱ्यांनाही पाठ झाली होती. आणि त्यातल्या एखाद्याला पुस्तकातला नवा शब्द दाखवला, की तो माझ्याकडे बघे आणि मी पुस्तकाकडे.

मी आपल्या मनाने सुरुवात केली. पाच अक्षरं, एक काना. आवाज काढायचा, पुढचा आवाज त्याला चिकटवायचा, झाला शब्द. दुसऱ्या आठवड्यात पोरं 'कान', 'नाक', 'काका' असं स्वतःहून लावायला लागली. गुरुजींनी दारातून ऐकलं आणि म्हणाले, "बाई, पाचच अक्षरं? उरलेल्यांनी काय पाप केलंय?"

त्याच सुमाराला आमच्या भागाला नवे शिक्षण निरीक्षक आले. धारवाडकडचे, घरात कानडी, पण मराठी स्वच्छ आणि सावकाश बोलत. नुकतेच म्हैसूरला महिनाभराचं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि बरोबर आलेखाच्या कागदांचं भेंडोळं घेऊन आले होते. भला माणूस. इतका उत्साही अधिकारी मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. त्यांनी माझा वर्ग पाहिला, डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "छान आहे. पण छान आहे हे मत झालं बाई. मत सगळ्यांपाशी असतं. पुरावा पाहिजे."

पुरावा कसा काढायचा तेही त्यांनी सांगितलं. दोन तुकड्या आहेतच. शिक्षिका एकच, खोली एकच, पुस्तक एकच. सकाळच्यांना आवाजाने शिकवा, दुपारच्यांना शब्दपद्धतीने. वर्षाच्या शेवटी मी येऊन दोघांना पुस्तकात नसलेले शब्द वाचायला देईन. सकाळचे पुढे गेले, तर तालुक्यातल्या सगळ्या मराठी शाळांना तुमची पद्धत लावतो.

माझ्या डोळ्यांसमोर ट्रेनिंग कॉलेजचे सर आले. 'वाद घालण्याची आवड' लिहिणारा तो हात माझा अहवाल धरून बसलाय, असं मी चक्क पाहिलं. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर पोरांचा विचार त्यानंतर आला.

कोण सकाळी आणि कोण दुपारी, हे साहेबांच्या मते चिठ्ठ्यांनीच ठरायला हवं होतं. नाहीतर हुशार पोरं मी सकाळी ओढेन. गुरुजींच्या टोपीत चिठ्ठ्या टाकल्या आणि एकेकाने येऊन उचलल्या.

त्या पोरांत एक मुलगी होती, सगळ्यांपेक्षा हातभर उंच. पहिलीत तिचं तिसरं वर्ष. बारकी पोरं तिला आक्का म्हणत, म्हणून मीही आक्काच म्हणते. आईला निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम, वडील नाहीत. शाळा सुरू झाली तेव्हा आई तिला हाताला धरून घेऊन आली होती आणि उभ्या उभ्या मला सांगून गेली होती, "बाई, ह्या वर्साला वाचाय आलं तर दुसरीत जाऊ दे. न्हाय आलं तर मी हिला वखारीत न्हेणार. पानं निवडाय बसंल. तीन तीन वर्सं एका यत्तेत ठेवून मी काय लोणचं घालू?" आक्का खाली बघून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती.

आक्काने चिठ्ठी उचलली. दुपार.

मी साहेबांना म्हटलं, "ही एक सकाळी घेऊ का? तिचं शेवटचं वर्ष आहे."

साहेब कळवळले, पण म्हणाले, "एक हलवली की सगळंच हललं बाई."

मी नाही हलवलं. वर्गात सगळ्यांना ताकीद दिली, सकाळच्यांनी दुपारच्यांना काही सांगायचं नाही, दुपारच्यांनी विचारायचं नाही. साहेब म्हणाले, "भेसळ व्हायला नको." पोरांना भेसळ कळेना. तेव्हा मला एक युक्ती सुचली, आणि तिचा मला त्या दिवशी अभिमान वाटला. मी सगळ्यांना गळ्याला चिमटा घेऊन विद्याशप्पथ घ्यायला लावली. शिकायचं नाही म्हणून विद्येची शपथ! साहेबांनी वहीत टिपून घेतलं.

इकडे गावाने आपला अर्थ लावला. साहेब कानडी, हातात आलेखाचे कागद, टोपीतून पोरांच्या चिठ्ठ्या. सीमाभागातल्या माणसाला याचा एकच अर्थ लागतो. दोन दिवसांत बातमी पसरली, की दोनातली एक तुकडी पुढच्या वर्षी कानडी शाळेत घालणार, आणि कुठली ते सरकार शेवटपर्यंत सांगणार नाही. चार कर्ते पुरुष गुरुजींकडे जाऊन आले. गुरुजींनी त्यांना समजावलं, की हा निव्वळ वाचनाचा प्रयोग आहे. त्यामुळे त्यांची खात्रीच पटली.

पुरुषांनी निवेदन लिहायचं ठरवलं. बायकांनी निवेदनाची वाट पाहिली नाही. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. मी इकडे सकाळी आवाज शिकवत होते आणि दुपारी तोंड मिटून चित्रं दाखवत होते.

ती दुपारची तुकडी मला जड जाई. सुरुवातीला 'बदक' या शब्दावर बोट ठेवून पोरं हंस म्हणायची, कारण चित्रातला पक्षी पांढरा होता. मला जीभ चावावी लागे. एकदा सकाळचा वर्ग चालू असताना खिडकीत आक्का दिसली. गज धरून उभी, ओठ हलवत. मी बाहेर गेले.

"बाई, म्या सकाळी येऊ? कोपऱ्यात बसतो. बोलणार न्हाय."

"तुझी दुपारची चिठ्ठी आलीय ना?"

"व्हय."

"आणि शप्पथ घेतलीस ना?"

"व्हय."

"मग खिडकीत थांबायचं नाही."

ती गेली. त्यानंतर कधी खिडकीत आली नाही. मी वर्गात परत येऊन फळ्यावर नवीन अक्षर काढलं. माझं मन मला खात होतं. पण सगळ्या तालुक्याच्या पोरांचं भलं होणार आहे, असं मी त्याला सांगितलं आणि मन गप्प बसलं. तालुका फार उपयोगी पडतो अशा वेळी.

मार्चमध्ये साहेब आले. त्यांनी घरी बसून शब्द तयार केले होते, काही तर कुठल्याच भाषेत नसलेले, म्हणजे पाठ असण्याचा प्रश्नच नको. सकाळची तुकडी फडाफड वाचत गेली. साहेबांचा चेहरा खुलला. मी पदराने घाम पुसला.

मग दुपारची तुकडी आली. पहिला पोरगा उठला आणि त्याने 'मिसावा' हा जगात नसलेला शब्द ओठांनी आवाज जुळवत सरळ वाचला. दुसरीने 'तोपिका' वाचला. तिसऱ्याने दोन्ही वाचले आणि पुढचा मागितला. साहेब माझ्याकडे बघू लागले. मी त्या पोराला विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"सोप्यावर," तो छाती काढून म्हणाला. "समदी शिकतोय आमी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दुपारनंतर बायका एका घराच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, विड्या वळायला जमत, पोरं शेजारी बसून विड्यांची तोंडं बंद करत. बायकांनी ठरवलं होतं, की सरकार कुठली तुकडी उचलणार हे कळत नाही ना, मग दोन्ही सारख्याच करून ठेवा. सकाळच्या पोरांनी काय शिकलं ते रोज सोप्यावर म्हणून दाखवायचं आणि दुपारच्यांनी ते शिकायचं. एक अक्षर मागे राहता कामा नये. आयांपैकी दोघीतिघींनाही त्या ओघात वाचायला आलं होतं.

"आणि शप्पथ?" मी विचारलं.

"ती तवाच सुटली म्हटलं की," पोरगा म्हणाला. या गावात पोरांनी एकमेकांना 'सुटली' म्हटलं, की शपथ उतरते.

शेवटी आक्का उभी राहिली. साहेबांनी कागद पुढे धरला. ती कागदाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग पुन्हा कागदाकडे. तिला एकही शब्द वाचता आला नाही. पोरं हसली नाहीत. त्यांना ते माहीतच होतं.

मी तिला व्हरांड्यात नेलं. "तू सोप्यावर जात नाहीस?"

"जातो की. रोज."

"मग?"

"त्येनी म्हणाय लागलं की म्या कानात बोटं घालतो."

"का गं?"

"तुमी शप्पथ घातलतीसा न्हवं?" ती म्हणाली. तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "ज्येनं घातली त्येनंच सोडायची असती. ह्येनी आपली आपणच सोडली."

मला वाटलं, आता जमीन फाटून पोटात घेईल तर बरं. सगळ्या शाळेत एकाच पोरीने माझं ऐकलं होतं. साहेबांच्या भेसळीविरुद्धच्या नियमात जी एकच शुद्ध नोंद राहिली होती, ती समोर उभी होती, आणि तिला वाचता येत नव्हतं. पद्धतीत फरक आहे की नाही याचा याहून सरळ पुरावा कुणी काढला असता?

मी हेच साहेबांना सांगितलं. त्यांनी आलेखाचा कागद गुंडाळला. मग म्हणाले, "एकीवरनं काही सिद्ध होत नाही बाई."

"मग सोप्यावर काय झालं ते तरी लिहा."

त्यांनी मला छापील तक्ता दाखवला. सकाळ, दुपार, किती बसले, किती वाचले. सोप्यासाठी रकाना नव्हता. अहवाल महिन्याअखेर जायचा होता. त्यांचं मराठी अक्षर कच्चं, म्हणून मराठी प्रत त्यांनी मला लिहायला सांगितली. 'दोन्ही पद्धतींत फरक आढळला नाही. सबब प्रचलित शब्दपद्धती चालू ठेवण्यास हरकत नाही.' आणि तळटीप: 'दुपारच्या तुकडीतील एक विद्यार्थिनी मंद असल्याने गणनेतून वगळली.' मंद या शब्दावर मी भांडले. साहेबांनी तो खोडून 'अपवादात्मक' केला. मग मी सही केली. हे लिहिताना आजही माझा मलाच राग येतो, पण सही केली.

गुरुजींनी वार्षिक निकालासाठी तीच परीक्षा धरली. आक्का नापास. आई निकालाच्या दिवशी आली, दाखल्यावर अंगठा उठवला आणि म्हणाली, "बाई, तुमचा दोष न्हाय. हिचं डोस्कंच तसलं."  शपथेची हकीकत सांगितली असती, तर तिला वाटलं असतं मी पोरीला वाचवायला थापा मारतेय.

जूनमध्ये शाळा पुन्हा सुरू झाली. मी निपाणीत खोली घेऊन राहत असे. गावाकडून पहिली गाडी स्टँडवर यायची, तीच परत फिरून मला गावाला न्यायची. पहिल्याच दिवशी त्या गाडीतून वखारीच्या बायका उतरल्या आणि त्यांच्या मागे आक्का. डोक्याला फडकं, हातात भाकरीचं गाठोडं. मला बघून तिने हात जोडले.

"शप्पथ सुटली," मी म्हटलं. आधी तेच म्हटलं. "मी सोडली."

"बरं बाई," आक्का म्हणाली आणि आईच्या मागे निघाली. मला ते 'बरं' फार लागलं.

मी आईला गाठलं. म्हटलं, कंडक्टर चहा पिऊन येईपर्यंत गाडी हलत नाही. तेवढा वेळ पोरगी मला द्या. आईने माझ्याकडे असं बघितलं, की या बाईला उन्हाने काही झालंय काय. पण "घ्या, घ्या" म्हणाली आणि पुढे गेली. मग रोज ते चालू झालं. गाडीच्या मागच्या पत्र्यावर धूळ जाड बसलेली असे. मी बोटाने अक्षर काढायची, आक्का आवाज काढायची, मग दुसरं अक्षर, मग दोन्ही मिळून. गाडी सुटली, की आमचा फळा मला घेऊन गावाला जाई. पाऊस लागल्यावर पत्रा धुतला जाऊ लागला, तेव्हा मी शाळेतला खडू आणू लागले. कंडक्टर कुरकुरला, मग त्याच्यासाठी एक चहा मीच सांगू लागले.

जी पोरगी तीन वर्षं एका यत्तेत बसली होती, तिने पावसाळा सरायच्या आत अक्षरं जोडायला घेतली. हे कुठल्या तक्त्यात बसत नाही. साहेबांची बदलीही झाली होती.

एका सकाळी गाडी परत निघायच्या आधीच पंक्चर झाली. वेळ होता, म्हणून मी आक्का आणि तिच्या आईबरोबर वखारीपर्यंत चालत निघाले. आक्का वाटेतलं सगळं वाचत होती. खानावळ, सायकल, कापड. अडखळायची, परत मागे यायची, जुळवायची. आई पुढे चालत होती, पण तिचा कान मागे होता, हे मला तिच्या चालीवरून कळत होतं.

वखारीच्या दाराबाहेर बायकांची रांग लागली होती. दारावर निळ्या पत्र्याची पाटी होती, तिच्यावर धुळीचा थर. आक्काने मान वर केली आणि सुरू केलं. "ल...हा...न. लहान. मु...लां...ना." तिला आता सवय झाली होती, मोठ्याने वाचायची. "लहान मुलांना येथे का...मा...वर घेतले जात नाही." सबंध पाटीत एक जोडाक्षर नव्हतं. सरकारने जणू माझ्या धड्यासाठीच लिहिली होती.

आक्का थांबली. रांग दोन पावलं पुढे सरकली, ती सरकली नाही.

"चल की गं," आई म्हणाली.

"आई, हितं जायाचं न्हाय म्हणून लिवलंय."

"कुनी?"

"पाटीवर. लहान मुलांना न्हाय घेत म्हणं." आणि पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं, या खेपेला न अडखळता.

रांगेतल्या बायका वर बघू लागल्या. त्यांच्यातल्या कितीकजणी त्या पाटीखालून वर्षानुवर्षं जात होत्या, काहीजणी स्वतः लहान असल्यापासून. मुकादम धावत आला. "ए पोरी, ते तुज्यासाठी न्हाय! तपासणीचं सायेब येत्यात, त्येंच्यासाठी लावलंय!"

"सायेब लहान हाईत व्हय?" रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या बायका खो खो हसल्या.

आक्का हसली नाही. तिला कशाचा विनोद झाला ते कळलं नव्हतं. लिहिलेलं होतं, म्हणून ती बाहेर थांबली होती, एवढंच. आईने तिला दंडाला धरून ओढलं, पाठीत धपाटा घातला. ती रडली, पण उंबऱ्यात पाय टाकला नाही. शेवटी मुकादम आईवरच ओरडला, "उद्यापास्नं हिला आणू नगंस! आणखी चार पोरी हाईत आत, त्येनाबी वाचून दाखवंल!"

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या गावी उतरले, तेव्हा आई पहिल्या गाडीने गेलेलीच नव्हती. ती शाळेच्या दारात उभी होती, आक्काचं मनगट धरून. खाडा झाला होता, डोळे सुजलेले होते. मला वाटलं, आता ही मला चार शब्द सुनावणार आणि तिने सुनावलेच.

"दोन हातांचं काम हुतं, एका हातावर आलं," ती म्हणाली. "तुमी हिला शिकीवलंसा आणि माज्या पोटावर पाय आणलासा. आता हिला कुठलीच वखार घेत न्हाय, मुकादमानं समद्यास्नी सांगितलंय. ठेवा तुमच्यापाशीच."

मी म्हटलं, "दुसरीत बसवते."

"कुठंबी बसवा." तिने मनगट सोडलं. मग कमरेचा बटवा उघडून आत घडी घालून ठेवलेला एक कागद काढला. वखारीत तिच्या नावाने मिळालेली चिठ्ठी होती, पिवळी पडलेली, कितीतरी जुनी. ती माझ्यापुढे नाही, आक्कापुढे धरून म्हणाली, "हे वाच. ह्याच्यावर मी अंगठा दिलाय. काय लिवलंय त्ये आजपातुर मला कुनी सांगितल्यालं न्हाय."

आक्काने कागद दोन्ही हातांनी धरला आणि पहिलं अक्षर शोधू लागली. मी शेजारी उभी होते.